सांधा नसलेली भिंत

रविवारी सकाळी इमारतीचा पंप जळाला. पाण्याचा टँकर यायला अवकाश होता, म्हणून सगळे बिऱ्हाडकरू बादल्या घेऊन चौकात उभे होते, आणि माणसं रिकामी उभी राहिली की त्यांच्या जिभेला खाज सुटतेच. सुरुवात बाईंनी केली. बाई म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. त्यांची भाची कुठल्याशा मोठ्या कलामेळ्यात कामाला होती. तिने दोन पास पाठवले होते आणि बाईंना जोडीला कुणीतरी हवं होतं. "नव्या तऱ्हेची चित्रं आहेत," बाई म्हणाल्या. "म्हणजे चित्रंच असतील असं नाही. वस्तू असतात, कधी जिवंत माणसंही असतात." न्हावी म्हणाला, "फिरकीला न्या की. तोही रंगातलाच माणूस." सगळे हसले. फिरकी हा रंगारी. पण त्याचं काम भिंतींवर, आणि नाव पडलं होतं ते लोकांच्या फिरक्या घेण्यावरून. पन्नाशी उलटली तरी सवय गेली नव्हती. ओठावर भरघोस मिशी, मिशीत कायम पांढऱ्या रंगाचे दोनचार थेंब वाळलेले. इमारतीत असा एक माणूस नव्हता ज्याच्या आवाजात त्याने कुणाला तरी हाक मारून जिना उतरायला लावलं नव्हतं. शिंपी म्हणाला, "ह्याला नेताय बाई? हा पाच मिनिटांत फिदीफिदी हसायला लागेल, दोघांनाही धक्के मारून बाहेर काढतील." फिरकी म्हणाला, "नाही हसणार." "तू? अरे, तू स्वतःच्या लग्नात हसलास, फोटोत तुझे दातच दिसतात नुसते. तू तर त्या दिवशीसुद्धा—" आणि शिंप्याने वाक्य गिळलं. कुणीतरी उगाच बादली या हातातून त्या हातात घेतली.

त्या दिवशी म्हणजे अकरा महिन्यांपूर्वी, बायकोला तिरडीवरून जिन्याने खाली नेत होते तेव्हा. जिना अरुंद, दुसऱ्या वळणावर चौघे अडकले, आणि कपाट उतरवताना हमाल भांडतात तसे भांडायला लागले. तू खाली हो, तू वर घे, अरे डावीकडे, तुझं डावं की माझं डावं. आणि मागे उभा असलेला फिरकी हसला. तोंडातल्या तोंडात नाही, चांगला मोठ्याने. वरपासून खालपर्यंत सगळ्या जिन्याने ते ऐकलं. तेव्हापासून लोक त्याच्याशी बोलताना एक पायरी सोडून बोलायचे. तो मात्र पूर्वीसारखाच होता, उलट जरा जास्तच. आतासुद्धा चौकातली ती शांतता त्याला सहन होईना. तो पटकन म्हणाला, "बोल, काय लावतोस? मी अख्खा मेळा फिरून येतो, दात दाखवणार नाही. बाई पंच. हरलो तर ही मिशी, इथे, ह्या चौकात, सगळ्यांसमोर उतरवायची. जिंकलो तर तू स्वतः शिवलेला झालरीचा फ्रॉक घालून बसस्टॉपपर्यंत जाऊन यायचं." शिंपी सुटल्यासारखा हसला. "मंजूर. गुलाबी शिवतो." न्हाव्याने तिथल्या तिथे फिरकीच्या मिशीचं बोटाने माप घेतलं. वरच्या गॅलरीतून फिरकीची मुलगी वाकून म्हणाली, "बाबा, मिशी नको ना लावूस पैजेला." ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, त्यामुळे तिची नजर नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत असायची, आणि फिरकी हल्ली तिच्याकडे बघताना तिच्या कानाकडे बघत असे. "काळजी नको गं," तो कानाकडे बघून म्हणाला. "तुझा बाप आज दगड आहे."

बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या आणि लगेच पेंगायला लागल्या. फिरकी त्यांच्या शेजारी बसून न हसण्याची तालीम करत होता. ओठ मिटायचे, जीभ टाळूला लावायची. पण शिंप्याचं गिळलेलं वाक्य त्याच्या पोटात उतरलं होतं, आणि ते हलत होतं. त्या दिवशी तो हसला हे सगळ्यांना माहीत होतं. जे कुणालाच माहीत नव्हतं ते निराळं. त्या दिवशी सकाळी तो एका दंतवैद्याच्या दवाखान्यात होता, बाहेरच्या खोलीतली मोठी भिंत, फिकट हिरवा, शेवटचा हात. मोठ्या भिंतीचं एक असतं, ती एका दमात न्यावी लागते, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. ओला रंग ओल्या रंगाला भेटला पाहिजे. मध्ये थांबलात, चहा प्यायला गेलात, कुणाशी बोलत बसलात, की तेवढ्यात कड वाळते, आणि मग तिच्यावरून कितीही रोलर फिरवा, सांधा दिसतोच. उन्हं तिरपी आली की हमखास दिसतो. फिरकीच्या कामात सांधा नसतो असं लोक सांगायचे, आणि आयुष्यात ज्या एका गोष्टीची त्याने कधी थट्टा केली नाही ती ही. भिंत एक तृतीयांश झाली होती तेव्हा फोन वाजला. डाव्या हाताने फोन कानाला लावला, उजवा हात चालूच. बायको. म्हणाली, छातीत कळ येतेय. म्हणाली, खरंच या.

आता ह्यात एक गोम होती, आणि ती त्या दोघांनाच कळण्यासारखी होती. त्यांच्या घरात फिरकी घेणारा तो एकटा नव्हता. किंबहुना तो बाहेर जे करायचा ते सगळं घरात तिच्याकडून हरल्याची भरपाई होती. तीनच महिन्यांपूर्वी तिने असाच कामावर फोन केला होता, घरात गॅसचा वास येतोय, लवकर या. तो हातातला ब्रश न ठेवता धावत सुटला, चार मजले एका दमात चढला, दार ढकललं, तर ही खुर्चीवर बसून, पुढ्यात दोन कप चहा, वर बशा झाकलेल्या. "लग्नाचा वाढदिवस आहे आज. विसरलात ना? म्हटलं, धावत आलेलं बघावं एकदा, पूर्वीसारखं." आणि मग त्याला धाप लागलेली, तिला हसू आवरत नाही, ब्रशातला रंग फरशीवर टपटप. नखाने त्याच्या मिशीतला एकेक थेंब खरवडून काढत ती म्हणाली होती, "फसलात." त्या दिवशी त्याने शपथ घेतली होती, पुन्हा फसणार नाही. म्हणून दवाखान्यात, हिरव्या भिंतीसमोर, तो फसला नाही. पुढे जे बोलणं झालं ते तो मनातसुद्धा पुरतं उच्चारत नसे. विचार तिथवर आला की वळसा घालून पुढे निघायचा, रस्त्यात काहीतरी सांडलेलं असावं तसा. पुढे एवढंच, की फोन ठेवला आणि भिंत संपवली. चाळीस मिनिटं. कोपरा नीट काढला. ब्रश धुतले. मुलीने रात्री एकदाच विचारलं होतं, "बाबा, आईने तुला फोन नव्हता का केला?" तो म्हणाला, "फोन पिशवीत होता गं, पिशवी बाहेर." आणि मुलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग तुझी काय चूक." तो हात अजून खांद्यावरून उतरला नव्हता.

मेळा एका अवाढव्य मंडपात होता, आत पांढऱ्या फळ्यांचे गाळे पाडलेले. फिरकीने आत शिरल्याबरोबर फळ्या बघितल्या आणि मनात म्हणाला, एकच हात मारलाय, पुट्टी घासलेली नाही, घाईचं काम. बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली आणि चष्मा पुसला. "सुरू," त्या म्हणाल्या. "मी चित्रांकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघणार आहे." पहिल्याच गाळ्यात जेवणाचं एक लांबलचक टेबल मधोमध करवतलेलं होतं. अर्धं जमिनीवर, अर्धं छताला उलटं टांगलेलं, आणि उलट्या अर्ध्यावरही ताटं, वाट्या, पेले, सगळं चिकटवलेलं. फिरकीच्या मनात आलं, वाढायला शिडी लागणार, आणि पोटात पहिली गुदगुली झाली. जीभ टाळूला. पुढच्या गाळ्यात काचेच्या पेटीत एक उघडाबंब माणूस चड्डीवर उभा राहून सफरचंद खात होता, इतका सावकाश, की एक घास चावायला त्याला पाच मिनिटं लागत होती, आणि बाहेर चाळीसेक माणसं चेहरा पाडून ते बघत होती. फिरकीच्या शेजारची एक अनोळखी मुलगी पुटपुटली, "किती एकटा आहे." फिरकीने खाली मान घालून बुटाचे बंद मोजायला घेतले. "चेहरा वर," बाई म्हणाल्या. त्याने वर केला. दगड. "हं," बाई म्हणाल्या, "जमतंय तुला. शिंप्याला पाय दाखवावे लागणार." "बाई, त्याचे पाय बघून पैज मीच हरेन." बाईच हसल्या, आणि रखवालदाराने त्यांच्याकडे बघितलं.

मग एक गाळा आला तो निराळा होता. भिंतभर एक मोठं कापड टांगलेलं, आणि ते सगळं खिशांचं बनलेलं. जुन्या सदऱ्यांचे, पँटींचे, कोटांचे कापून काढलेले खिसे एकाला एक शिवून. वर लिहिलं होतं की खिशात जे सापडलं ते तसंच ठेवलंय, हात घालून बघू शकता. फिरकीने सवयीने हात घातला. एकात बसचं तिकीट, धुऊन धुऊन कापसासारखं झालेलं. एकात अर्धी गोळी, पाकिटासकट. एकात चिठ्ठी, "मीठ, साबण, बल्ब (जिन्यातला)", आणि खाली वेगळ्या अक्षरात "बिस्किटं विसरू नका". त्याने चिठ्ठी पुन्हा घडी करून आत ठेवली, मूळ घडीवरच घडी येईल अशी. शिंप्याला हे दाखवायला पाहिजे होतं असं त्याला वाटलं, तो आधी टाके बघेल आणि नाक मुरडेल, पण मग गप्प होईल. त्याच्या स्वतःच्या घरी दाराच्या मागे खुंटीला एक स्वेटर अजून टांगलेला होता, त्याचा उजवा खिसा फुगलेला. अकरा महिन्यांत त्याने त्यात हात घातला नव्हता. रुमाल असेल. किंवा केसाची पिन. किंवा फोन. नाही, फोन मुलीने काढून घेतला होता तेव्हाच, आणि उघडून बघितला नव्हता, कारण तो उघडायचा आकडा आईशिवाय कुणाला माहीत नाही असं तिला वाटत होतं. तो आकडा फिरकीला माहीत होता. आज नाही तर उद्या मुलगी विचारेल, बाबा, काय असेल रे आईचा आकडा, आणि मग आत नोंद असेलच, कुणाला फोन लावला, किती वाजता, किती मिनिटं बोलणं झालं. पिशवीत असलेला फोन बोलत नाही. हे त्याला रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा आठवायचं. दात घासायच्याही आधी.

"दमलास का?" बाईंनी विचारलं. "छे हो," तो म्हणाला, "अजून माझी मिशी शाबूत आहे." आणि एक वळण घेतलं तर समोर भिंत. खरीखुरी भिंत. कुठल्याशा घरातून कापून आणलेली, मागे लोखंडाची चौकट, कडेला विटा दिसताहेत, एका बाजूला विजेचं बटण तसंच. भिंतीवर फिकट निळा रंग, पण अर्ध्यावरच. डावीकडून सुरू झालेला रोलर मधोमध थांबलेला, शेवटचा पट्टा खांद्याच्या उंचीवर तुटलेला, तिथून दोन ओघळ खाली आलेले, वाळलेले, आणि उजवीकडे नुसतं जुनं पिवळट. खाली फरशीचा एक तुकडा, त्यावर रंगाचा ट्रे आणि रोलर, रंगासकट दगड झालेला. फिरकीच्या पोटातून हसू उसळलं, खरंखुरं, धंद्यातलं. असला सांधा! आयुष्यात इतकं भिकार काम त्याने पाहिलं नव्हतं, आणि लोक दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून ते बघत होते. तो बाईंच्या कानाशी लागला. "बाई, माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं ना, तर मी त्याला त्याच ट्रेमध्ये बसवला असता." ओठ फुटायच्या बेतात होते. बाईंनी बोट वर केलं, पंचासारखं.

"तुम्ही रंगकाम करता?" मागून कुणीतरी विचारलं. पस्तिशीची एक स्त्री, केस वर बांधलेले, गळ्यात मेळ्याचं कार्ड. "भिंत माझी आहे," ती म्हणाली. फिरकी चपापला, पण धंद्याच्या माणसाला धंद्याचं बोलायचं राहवत नाही. "ताई, राग मानू नका. पण मध्ये कशाला थांबलात? इथवर आणली होतीत, पंधरा मिनिटांचं काम उरलं होतं. आता ह्याला काही औषध नाही. हा सांधा जायचा नाही." "हो, माहीत आहे," ती म्हणाली. "फोन आला मध्येच. आईचा. म्हणाली, मला कसंतरी होतंय. मी रोलर होता तिथे ठेवला आणि निघाले." फिरकीला ऐकू आलं की सफरचंद खाणाऱ्या माणसाच्या पेटीभोवती लोक टाळ्या वाजवताहेत. "भेटली?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं. "भेटली. वीस मिनिटं मिळाली." "मग काय बोललात, वीस मिनिटं?" "काहीच नाही हो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बघ तुझ्या केसांत केवढा रंग लागलाय. आणि नखाने काढत बसली. तेवढंच. काढता काढता गेली." तिने मानेवरचे केस उगाचच मागे सारले. "नंतर भिंत पुरी करायला गेले तर जमेना. विकत घेणाऱ्याने घर पाडायचं म्हटलं, तेव्हा कापून आणली."

"हात लावू?" फिरकीने विचारलं. रखवालदार पुढे सरकला. तिने त्याला थांबवलं. फिरकीने अंगठा भिंतीवर ठेवला, निळा रंग संपतो तिथे, आणि वरून खाली आणला. कड लागली. केसाएवढी उंच, कडक, सलग. अशी कड त्याने हजारदा चिडून कागदाने घासून काढली होती. त्याला हिरवी भिंत आठवली. अकरा महिन्यांत तो सहा वेळा त्या दवाखान्यात जाऊन बसला होता, गाल धरून, पेशंटसारखा. सकाळी, दुपारी, उन्हं तिरपी येतात तेव्हा. सांधा शोधायला. कुठेतरी असेल, फोन कानाला होता तेवढ्या वेळात हात जरासा तरी थबकला असेल, एखादा पट्टा वाकडा गेला असेल, त्याच्या हाताला तरी कळलं असेल. नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत तळ्यासारखी भिंत. इतकी सुंदर भिंत त्याने ना आधी मारली ना नंतर. सहाव्या खेपेला दंतवैद्याने खरंच आत बोलावलं, कुठली दाढ म्हणून विचारलं, आणि आता काय सांगणार, त्याने लावलं एका दाढेला बोट. ती काढली. घरी मुलगी म्हणाली, "दुखत होती तर सांगायचं नाही का मला?" तेव्हा तो तोंडात कापसाचा बोळा घेऊन हसला होता. आता अंगठा कडेवर होता, आणि हसू जिथून उसळलं होतं तिथूनच काहीतरी वर येत होतं. त्याला वाटलं हसूच आहे. त्याने ओठ मिटले, जीभ टाळूला लावली. पण ते नाकातून, डोळ्यांतून, कुठून कुठून बाहेर पडलं, आणि मिशी ओली झाली, आणि तो त्या भिकार भिंतीला कपाळ लावून उभा राहिला. रखवालदाराने बाईंकडे बघितलं. मागे उभ्या असलेल्या दोन मुलींना वाटलं, हेही त्यातलंच असावं. त्या जरा मागे सरकून नीट बघायला लागल्या. बाईंनी त्यांना चाळीस वर्षं शाळेत वापरलेल्या आवाजात सांगितलं, "पुढे व्हा. इथे काही नाही."

परतीच्या बसमध्ये बाई पेंगल्या नाहीत. अर्ध्या वाटेवर म्हणाल्या, "तू जिंकलास. मी तसं सांगेन." "नका," फिरकी म्हणाला. "हसलो म्हणून सांगा." "अरे, पण तू—" "बाई, जिंकलो तर विचारतील, काय बघितलंस रे, हसू कसं नाही आलं. हरलो तर फक्त मिशी जाईल." बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "मी आयुष्यात कधी खोटे मार्क दिले नाहीत," त्या म्हणाल्या. "हे पहिले."

चौकात खुर्ची मांडूनच ठेवली होती. टँकर येऊन गेला होता, फरशी ओली, पोरंटोरं, म्हातारे, गॅलऱ्या भरलेल्या. शिंप्याने विचारलं, "काय बाई, निकाल?" बाई म्हणाल्या, "हसला," आणि कुणाच्या नजरेला नजर न देता तिथल्याच एका उलट्या बादलीवर बसल्या. एकच गलका झाला. शिंप्याने न्हाव्याला मिठी मारली, फ्रॉक वाचला म्हणून. "कशाला हसलास? सांग ना!" "एक माणूस चड्डीवर सफरचंद खात होता," फिरकी म्हणाला, आणि चौक हसला, आणि तो खुर्चीत बसला. न्हाव्याने साबण लावला. "शेवटची काही इच्छा मिशीची?" "आत रंग आहे, वस्तरा जपून." वस्तरा उजवीकडून चालला. ओठावर गार वारा लागला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. टाळ्या पडल्या. न्हाव्याने आरसा धरला. आरशात कुणी भलताच माणूस होता, वरचा ओठ पांढरा, लांब, लहान मुलाच्या ओठासारखा, आणि तो नुसता थरथरत होता, झाकायला काहीच नव्हतं. वरून हसण्याचा आवाज आला. मुलगी. कठड्याला धरून, डोळे पुसत हसत होती. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. धावत खाली आली, तिने न्हाव्याच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि बापाचं तोंड पुसायला लागली. "अय्या, कोण आहेस रे तू? ओळखूच येत नाहीस." मग टॉवेल त्याच्या कानामागे फिरवत, हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "असू दे. अशा ठिकाणी हसू येणारच कुणालाही. तुझी काय चूक."

"फोन पिशवीत नव्हता," फिरकी म्हणाला.

"कुठला फोन?" शिंपी म्हणाला. "हरवून आलास की काय मेळ्यात?"

"आईचा फोन आला तेव्हा. पिशवीत नव्हता. मी उचलला होता."

"घ्या!" शिंपी ओरडला. "मिशी गेली तरी फिरकी गेली नाही ह्याची!" दोघंतिघं हसले. बाई बादलीवरून म्हणाल्या, "गप्प बसा हो तुम्ही," आणि शिंपी जागच्या जागी गप्प झाला. न्हाव्याच्या हातात वस्तरा तसाच राहिला. मुलीच्या हातातला टॉवेल बापाच्या कानाशी थांबला. आता ती त्याच्या डोळ्यांत बघत होती, दुकानात बघते तशी, आणि आज त्याने नजर कानाकडे नेली नाही.

"काय म्हणाली?"

"छातीत कळ येतेय म्हणाली. खरंच या, म्हणाली."

"मग?"

"मला वाटलं, गॅससारखंच. फिरकी." त्याचा उघडा ओठ दोनदा हलला, मग शब्द आले. "मी म्हटलं, छान जमलंय. जरा आणखी कण्हून दाखव, मग येतो."

चौकात कुठेतरी नळाला उरलेलं पाणी थेंब थेंब पडत होतं. मुलीने टॉवेल खाली घेतला. त्याला वाटलं, आता ती जाईल. जिना चढेल, दार लावून घेईल. तेच व्हायला हवं होतं. त्या शिक्षेसाठीच तर तो खुर्चीत बसला होता.

"आणि मग? ओरडली?"

"नाही. हसली."

"हसली?"

"हो. आणि म्हणाली, बरं, तुमची भिंत संपवा आणि या."

वरच्या गॅलरीतलं एक तान्हं रडायला लागलं, त्याला कुणीतरी घाईने आत नेलं. मग मुलगी बापाच्या समोर, ओल्या फरशीवर, उकिडवी बसली. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या खाली आला.

"कशी हसली?"

"म्हणजे?"

"सगळ्यांचे आवाज काढतोस ना तू? ती कशी हसली, ते करून दाखव."

"नको गं."

"बाबा, मी नव्हते तिथे. मी कामावर होते. मला कुणी काही ऐकवलं नाही. दाखव."

फिरकीने आजूबाजूला बघितलं. शिंपी खाली बघत होता. न्हाव्याने वस्तरा मिटून खिशात घातला होता. सगळी इमारत उभी होती, आणि त्याच्या तोंडावर लपायला मिशीसुद्धा नव्हती. त्याने डोळे मिटले. अकरा महिने ज्याला तो वळसा घालून जात होता त्या जागी येऊन उभा राहिला, आणि तो हसला. तिचं हसू. आधी नाकातून, हलकेच, फसलात म्हणताना असायचं तसं. मग मध्येच श्वास अडकला, कुठेतरी टोचल्यासारखा, आणि त्या अडकलेल्या श्वासातूनच ते उरलेलं हसू तिने ओढून पुरं केलं होतं, तसं त्यानेही केलं.

मुलगी डोळे मिटून ऐकत होती.

"पुन्हा," ती म्हणाली.